नदी विसरलेला नावाडी

मित्रांनो, पैनगंगेच्या काठावर, बाभळीखाली पालथी घातलेली एक नाव तुम्ही कधी पाहिली असेल. ती मी. माझ्या तळाच्या दोन फळ्या उचकटल्या आहेत. दुपारच्या उन्हात माझ्या आडोशाला शेळ्या येऊन बसतात. माझ्याकडे आता कुणी वळून पाहत नाही, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मी जे पाहिलं ते फार थोड्या नावांच्या वाट्याला येतं.

सन एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात सेनगावच्या संतराम सुताराने मला घडवलं. फळ्या सागाच्या होत्या. फटींमध्ये त्याने सुतळी ठोकली आणि वरून डांबर चोपडलं. गावच्या बायकांनी मला हळदकुंकू लावलं आणि मी दगडोबा भोयाच्या ताब्यात गेले. तेव्हा अलीकडचा काठ निजामाच्या राज्यात होता आणि पलीकडचा वऱ्हाडात. पूल नव्हता. सासरी निघालेल्या लेकी, बाजाराला निघालेले शेतकरी, तांड्यावरचे लोक, सगळे माझ्यात बसूनच पलीकडे जात.

दगडोबा अंगाने किडकिडीत होता, पण नदी त्याला तोंडपाठ होती. उन्हाळ्यात पात्र आटलं की तो अनवाणी त्यातून हिंडे. कोणता खडक कुठे सरकला, कुठे नवा खड्डा पडला, ते पायांनी पाहून ठेवी. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की वरून काहीच दिसत नसे. दगडोबाला मात्र सगळं दिसे. हातातला लांब बांबू टेकवत तो मोठ्याने खडकांची नावं घेत जाई. "ही रेड्याची पाठ. उजवीकडून चला. ह्या तीन बहिणी. ह्यांच्या मधून जायचं न्हाई. आता भोवरा आला, धरून बसा." प्रत्येक खेपेला तीच नावं, त्याच क्रमाने. मी त्या खडकांच्या वीतभर अंतरावरून सरकत जाई आणि मला वाटे, एवढी मोठी नदी या एवढ्याशा डोक्यात मावते तरी कशी!

अशी बारा वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात रेड्याच्या पाठीला माझा तळ घासला.

ते दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही. खडक जवळ येताच दगडोबा गप्प झाला होता. त्याला खडकाचं नाव आठवेना, आणि नाव आठवेना म्हणून खडकही आठवेना. पुढे असं वरचेवर होऊ लागलं. सगळ्यांत आधी ते मला कळलं, पण मी पडले लाकूड. मी कुणाला सांगणार?

दुसऱ्या कुणाला कळलं असेल तर ते चतुराबाईला, त्याच्या बायकोला. एका संध्याकाळी ती दोघं माझ्या काठावर टेकून बोलत बसली होती. दगडोबा म्हणाला, लोकांना सांगून टाकतो. चतुराबाईने त्याचा हात धरला.

"कोणाला सांगू नका," ती म्हणाली. "आज तुमाला लोक मान देतात. उद्या वेडा म्हणतील. माझ्याच्यानं ते ऐकवणार न्हाई."

"माझ्या भरवशावर लेकरं बसतात ह्याच्यात," दगडोबा म्हणाला.

"मी बसंन संगं. मी सांगत जाईन तुमाला."

दुसऱ्या दिवसापासून चतुराबाई रोज माझ्या पुढच्या टोकाला येऊन बसू लागली. खडक जवळ आला की ती मागे न पाहता हळूच नाव सांगे आणि दगडोबा तेच मोठ्याने म्हणे. नाव कानावर पडलं की त्याच्या हाताला बरोबर कळे, बांबू कुठे रोवायचा आणि किती जोर लावायचा. डोकं विसरलं तरी हात विसरले नव्हते. लोक कौतुक करत, म्हातारपणी जोडा कसा संगतीनं फिरतो! चतुराबाई पदर पुढे ओढून घेई. दोन वर्षं त्या दोघांनी हे गुपित सांभाळलं.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. निजामाच्या राज्यात धामधूम, लुटालूट माजली होती. गावोगावचे लोक घरांना कुलपं लावून, बायकापोरांना घेऊन वऱ्हाडात निघाले होते. श्रावणातल्या एका सकाळी नदी दुथडी भरून वाहत होती. पाऊस असा लागला होता की समोरचा काठ दिसत नव्हता. चतुराबाई तापाने फणफणून झोपडीत पडली होती. आणि काठावर अकरा माणसं येऊन उभी राहिली. त्यांत सेनगावकडचे व्यंकटराव होते, तांड्यावरचा हरिचंद होता, आणि दिवस भरत आलेली लेक घेऊन निघालेली जिवनबाई होती. आज पाणी उतरू द्या, असं दगडोबा म्हणत होता. पण मागे फिरायला त्या माणसांना जागा नव्हती. व्यंकटरावांनी हात जोडले तेव्हा दगडोबाने बांबू उचलला.

रेड्याची पाठ त्याने कशीबशी ओलांडली. पुढे प्रवाहाने मला गर्रकन फिरवलं. एकदा, दोनदा. पाऊस इतका दाट होता की चारी बाजूंना नुसतं पाणीच दिसत होतं. दगडोबा बांबू धरून उभा राहिला. त्याला काहीसुद्धा आठवत नव्हतं.

त्याला अजूनही लपवता आलं असतं. कुठेतरी बांबू रोवून नशिबावर सोडून देता आलं असतं. पण त्याने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"बाप्पाहो, मला आठवून न्हाई राहिलं. दोन वर्सं झाली, मी विसरून राहिलो. कारभारीण सांगायची, म्हणून चाललं. आपण कुठून निघालो अन् कुठं चाललो, तेवढंबी मला आता ठावं न्हाई. तुमी सांगा. मी बांबू मारतो."

जिवनबाईने लेकीला कुशीत घेतलं. मग हरिचंद गुडघ्यांवर उठला.

"वऱ्हाडात चाललो, आबा," तो म्हणाला. "पाणी ज्या अंगाला धावतंय, तिकडं तोंड करा. आपल्याला गाठायचा काठ डाव्या हाताला. आता तीन बहिणी येतील. तुमीच तर सांगता दर खेपेला."

"मधून जायचं न्हाई," जिवनबाई म्हणाली. "वरच्या अंगानं घ्यायचं."

आणि मित्रांनो, मग काय झालं ते मी कसं सांगू! एक म्हातारी म्हणाली, तिथं पाण्याला फेस असतो, तो बघा. कुणी म्हणालं, बांबू तिथं पुरा बुडायचा नाही. व्यंकटरावांना भोवऱ्याची खूण ठाऊक होती. एका वर्षी त्यांचा पटका तिथेच वाहून गेला होता. दगडोबाने बारा-चौदा वर्षं ज्या हाका दिल्या होत्या, त्या या माणसांच्या कानांत कधी जाऊन बसल्या हे त्यांनाही माहीत नव्हतं. कुणाकडे एक खडक होता, कुणाकडे एक वळण. सगळी नदी त्यांच्यात वाटलेली होती आणि त्या पावसात ती तुकड्यातुकड्यांनी बाहेर येत होती. नाव ऐकलं की दगडोबाचे हात चालत. एकदाही चुकले नाहीत. पाण्याखालच्या तीन बहिणी मागे पडल्या, भोवरा गेला, आणि माझं टोक वऱ्हाडाच्या चिखलात रुतलं.

उतरल्यावर व्यंकटराव त्याला रागानेच बोलले. "आधी सांगायचं होतं, दगडोबा. लेकरं होती आमची." दगडोबाने मान खाली घातली. म्हणाला, व्हय, चुकलं माझं. मग व्यंकटरावांनीच त्याच्या खांद्यावर आपली घोंगडी टाकली.

तेव्हापासून काही लपलं नाही. बसणारे बसतानाच खडक वाटून घेत. पाणी जास्त असलं की दगडोबा स्वतःच म्हणे, आज माझ्या डोक्याचा भरवसा न्हाई, आणि लोक थांबत. चतुराबाईला ज्याची भीती होती त्या 'वेडा' शब्दाने त्याला कुणी हाक मारली नाही. निदान माझ्यात बसून तरी नाही.

भाद्रपद सरता सरता निजामाचं राज्य गेलं आणि लोक आपापल्या घरी परतू लागले. पाणी संथ झालं होतं. तोवर दगडोबाला माणसंही ओळखू येत नव्हती. म्हणून चढणारा जो तो आपलं नाव आणि गाव सांगे. जिवनबाईची लेक तान्ह्या बाळाला घेऊन चढली तेव्हा तिने बाळाचंही नाव सांगितलं.

त्या दिवशी सगळ्यांत शेवटी चतुराबाई आली. दगडोबाने तिच्याकडे पाहिलं आणि परक्या बाईला विचारावं तसं अदबीनं विचारलं, "कोण गाव, माय?"

नावेतले सगळे जण पाण्याकडे पाहू लागले. दोन वर्षं जिने हे जगापासून लपवलं, ती बाई सगळ्यांदेखत, स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी चतुरा. तुमच्याच गावची. तुमची बायको."

दगडोबाने हात पुढे केला आणि म्हणाला, "ये. जपून बस."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी विसरू लागलं, तर ते झाकायला त्याला एकट्याला सोडू नका. त्याला सांगू द्या, आणि तुम्ही ऐका. मी पुष्कळ पूर पाहिले. पण तो हात धरून चतुराबाई माझ्यात चढली, तेव्हा मला जितकं भरून आलं, तितकं कोणत्याही पुरात आलं नव्हतं.