पाणबुड्याच्या पाठीवरून

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास चुकतो. कुणाला मी स्वयंपाकघरातला मोठा ट्रे वाटते, कुणाला एखाद्या यंत्राचे झाकण. एकदा घरी आलेल्या पाहुण्यांनी तर माझ्यावर चार कप मांडून चहा फिरवला. मी काही बोलले नाही. बोलणार कशी? मी पोलादाची पाटी आहे, वय एकोणीस वर्षे, आणि माझे काम पाणबुड्याच्या पाठीवर बसण्याचे. माझ्या एका अंगाला हवेची टाकी, दुसऱ्या अंगाला माणसाची पाठ, आणि दोघांना धरून ठेवणारा माझा पट्टा. मला खाचा आहेत, भोके आहेत, फक्त तोंड नाही. पुढची सगळी गोष्ट त्यामुळेच घडली.

तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून मला कापले. मणक्याला जागा मिळावी म्हणून यंत्राने मधोमध दाबून पन्हळ पाडली. कडा तपासणारा कारागीर माझ्यावरून अंगठा फिरवत घासणाऱ्या शेजारच्याला म्हणाला, "ही कुणाच्या तरी पाठीला लागणार आहे बाबा. आपलीच पाठ समजून घास."

"माझ्या पाठीला लागायला साहेब आहेत ना," शेजारचा म्हणाला. पण घासले मात्र त्याने मन लावून.

मला विकत घेणारा माणूस बंदरातला पाणबुड्या होता. उंच, ताठ, आणि आपल्याला सगळे येते अशी पक्की खात्री असलेला. बोटींच्या पंख्यात गुंतलेले दोर कापायचे, तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, हे त्याचे काम. धक्क्याजवळ पत्र्याच्या छपराची शेड, तिच्यात एक लांब टेबल, भिंतीवर सहा खुंट्या आणि दाराशी गोड्या पाण्याचे पिंप. घर शेडच्या मागेच.

पहिल्याच दुपारी त्याने चार मीटर लांबीचा कोरा पट्टा माझ्या खाचांतून ओवला. हा पट्टा अखंड असतो. दोन्ही खांद्यांवरून पुढे येतो, बगलेखालून माझ्या खालच्या खाचांत शिरतो आणि पोटावर बकलात अडकतो. मध्ये कुठे जोड नाही, चाप नाही. त्यामुळे तो सहसा दगा देत नाही. पण ज्याचे अंग त्याचेच माप लागते. इंचभर इकडेतिकडे झाले की दिवसभर चावतो.

पाणबुड्याने मला बनियनवरच चढवले, आरशात पाहिले, पट्टा मनासारखा आवळला आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "बघ. शिंप्याने शिवल्यासारखं." मग जाड रबरी सूट घालून त्याने मला पुन्हा चढवले. चढले कशीबशी. उतरेना मात्र. सूटने खांदे जाड झालेले आणि पट्टा बनियनच्या मापाचा. तो टेबलाभोवती दोनदा फिरला, वाकला, भिंतीला पाठ घासली.

"अहो, तुम्ही हे घातलंय की ह्याने तुम्हाला धरलंय?" बायकोने दारातून विचारले.

"हसू नकोस, ओढ."

"आधी म्हणा, चुकलं."

"चुकलं, माझे आई! ओढ आता."

मग त्याने सूट अंगावर ठेवूनच सगळे नव्याने केले. एकदा नाही, आठ वेळा. माझी वरची कड मानेच्या उंचवट्यापाशी यावी. हात मागे टाकला की टाकीची चावी बोटांना लागावी. बकल बेंबीच्या जरा उजवीकडे असावे. आणि खांद्यावर, पट्ट्याखाली, दोन बोटे आडवी सहज जावीत. त्याहून घट्ट असेल तर हात सुटत नाही, सैल असेल तर टाकी पाठीवर लोळते. आठव्या वेळी सगळे जमले, तेव्हा पट्ट्यावर जिथे माप धरून ठेवणारी सरकती कडी बसते तिथे बायकोने दोन्हीकडे पांढऱ्या दोऱ्याचे टाके घातले. म्हणजे माप हलले तर लगेच कळावे.

दुसऱ्या दिवशी पाण्यातून वर आल्यावर तो म्हणाला, "पाठीवर काही आहे असं वाटलंच नाही." मित्रांनो, माझी याहून मोठी स्तुती पुढे कुणी केली नाही.

अठरा वर्षे मी त्या पाठीवर होते. त्याला समोरून फारसे पाहिले नाही, पण पाठीला जे कळते ते तोंडाला लपवता येत नाही. बायकोला "पाचच मिनिटांत आलो" असे सांगताना त्याचे खांदे किंचित वर जात. मग मी निदान एक तास धरून चालायची.

मधल्या काळात त्याची मुलगी मोठी झाली आणि त्याच्याबरोबर होडीवर जाऊ लागली. त्याने तिला सगळे शिकवले. एक गोष्ट तर रोज सांगायचा, "पट्टा टाक्यावर आहे की नाही ते बघितल्याशिवाय कुणाला पाण्यात सोडायचं नाही. मी असलो तरी." मुलगी बापावर गेलेली. सांगितलेले विसरणे तिच्या स्वभावात नव्हते. संध्याकाळी तो मला पिंपात बुचकळून खुंटीला लावी, आणि सकाळी ती मला काढून खालपासून वरपर्यंत तपाशी.

गेल्या वर्षी त्याचा डावा खांदा आखडू लागला. आधी मला कळले, मग त्याला, मग बायकोला. शर्ट घालताना तो डावा हात आधी घालू लागला होता, आणि असल्या गोष्टी बायकोच्या नजरेतून सुटत नाहीत.

"खांदा दुखतोय?"

"छे."

"दुखत असला तर सांगा. पण ज्या दिवशी सांगाल त्या दिवसापासून पाणी बंद. मी स्वतः सूटला कुलूप लावीन."

अशी अट घातल्यावर कोण कबूल होणार? त्याची होडी चालवणारे काकाही नजरेचे बरेच तेज. म्हणाले, "उस्ताद, हल्ली एक हात खिशात घालूनच चालता?"

"ऐट असते एकेकाची, काका. तुम्हाला नाही कळायची."

पण पाण्यात ऐट चालत नाही. बंदरातली रीत अशी की काम झाले की होडीशेजारी पाण्यातच बकल सोडायचे, डावा हात पट्ट्यातून काढायचा, मला होडीवर द्यायचे आणि मग मोकळ्या अंगाने शिडी चढायची. तो डावा हात निघताना त्याचे दात एकमेकांवर आवळलेले मला ऐकू येत. शेवटी एका संध्याकाळी त्याने मला खुंटीला लावले, मागे वळून पाहिले आणि कडी सरकवून डावा पट्टा चार बोटे सैल केला. कुणाला बोलला नाही.

सकाळी मुलीने मला हातात घेतले. कडी टाक्यापासून खाली घसरलेली. ती थबकली. तिला वाटले, बाबांच्या हातून राहिले. एवढी वर्षे कधी न चुकणारा माणूस चुकू लागला. तिने पट्टा ओढून पुन्हा टाक्यावर आणला आणि आईच्या कानाशी जाऊन म्हणाली, "बाबांचं लक्ष राहत नाही गं हल्ली. तू काही बोलू नकोस. त्यांना लागेल."

त्या दिवशी पाण्यात त्याचा हात नेहमीसारखाच अडकला. त्याला वाटले, काल चार बोटे सोडले तरी अडकतेय, म्हणजे खांदाच आणखी बिघडला. संध्याकाळी त्याने अंधारातच, टाक्याकडे न पाहता, पुन्हा सैल केला. सकाळी तिने पुन्हा आवळला. त्याची भीती वाढली, खांदा जाणार. तिची भीती वाढली, बाबांचे डोके जाणार. दोघे मिळून मला रोज उलटसुलट करत होते आणि जेवताना समोरासमोर बसून, "आज पाणी गढूळ होतं ना?" असल्या गप्पा मारत होते.

तेवीस दिवसांत तेवीस वेळा सैल आणि तेवीस वेळा घट्ट. मी एकेक वेळ मोजली. मोजण्याखेरीज मला काय येते? एकदा कडीत वाळूचा खडा अडकला होता. मला वाटले, आता ही नीट पाहील, पट्ट्यावरच्या नव्या घड्या तिला दिसतील. तिने ब्रश घेतला, खडा काढला, पट्टा ओढला आणि बोट फिरवून म्हणाली, "झालं एकदाचं."

चोविसाव्या दिवशी वारा होता. एका बोटीच्या पंख्यात दोर बसला होता. तो खाली जाऊन दोर कापून आला, काम अगदी चोख. होडीशेजारी वर आला, तरंगत राहण्यासाठी पाठीवरची हवेची पिशवी फुगवली, तोंडातली नळी काढली आणि बकल सोडले. उजव्या हाताने शिडी धरली आणि डावा हात पट्ट्यातून मागे काढू लागला. कोपर निम्मे बाहेर आले आणि तिथेच अडकले. खांदा पुढे जाईना, हात मागे येईना. तेवढ्यात लाट आली, होडी वर गेली आणि शिडी त्याच्या हातून सुटली.

मित्रांनो, पाठीवरची फुगलेली पिशवी आणि मी, आम्ही दोघी मिळून माणसाला तोंडावर पाडतो. हात मोकळे असले तर तो सहज सावरतो. त्याचा एक हात माझ्या पट्ट्याने पाठीमागे बांधून ठेवला होता. नळी कुठे तरी बाजूला लोंबत होती. तो तोंड वर काढायचा, अर्धा श्वास घ्यायचा आणि पुन्हा मी त्याला खाली दाबायची. मी! ज्याला पाठीवर काही आहे असे वाटू नये म्हणून माझा जन्म, त्याच्या मानेवर मी धोंड्यासारखी बसले होते, आणि मला एक केसभरही हलता येत नव्हते.

"बाबा!" मुलीची हाक आणि तिची उडी एकदमच आली. तिने आधी हात ओढून पाहिला. तो ओरडला. तसे ओरडताना मी त्याला कधी ऐकले नव्हते. मग तिने कमरेची कात्री काढली आणि पट्टा कापला. जाड विणीचा पट्टा, तीन घावांत तुटला. हात सुटला, तिने त्याला उताणे केले, आणि काकांनी दोघांना एकेक करून वर ओढले. मला शेवटी गळाने काढले. माझे कुणाला सुचणार होते तेव्हा?

तो वाचला. खांद्याला पट्टी बांधून शेडमध्ये बसला. बायको दारात उभी, मुलगी टेबलावर मला उलटीपालटी करत होती.

"मी रोज बघत होते हो," मुलगी म्हणाली. "रोज सकाळी सैल झालेला असायचा. रोज मी टाक्यावर आणत होते. तरी कसं..."

"तू?" तो उठलाच. "तू आवळत होतीस?"

"म्हणजे? मग सैल कोण..."

 मग बायको आत गेली आणि दार जरा जोरातच लागले.

पुढचे चार महिने मी तुटका पट्टा लोंबवत खुंटीवर होते. तो शेडकडे फिरकला नाही. घरात बसून खिडकीतून होडी जाताना पाहायचा, असे काका सांगत. काम मुलीने सांभाळले, कुणाकडून तरी सामान मागून आणून. मग गेल्या सोमवारी ती नवा पट्टा घेऊन आली आणि घराकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, मला हा बसवून द्या. मला एकटीला नाही जमायचा."

तो आला. सूट घालूनच उभी राहा म्हणाला. उजव्या हाताने ओवायचा, ती वळायची, तो मागून वाकून पाहायचा. "हात मागे टाक. लागली चावी? आता वाक. आता खांदे हलव." चार महिन्यांत त्याचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. बायको दारात येऊन उभी राहिली होती आणि हातातले काम विसरली होती.

पट्टा माणसाप्रमाणे लहानमोठा होतो. मी होत नाही. मला त्याच्या लांब पाठीवर बेतून निवडले होते. मुलगी आईच्या उंचीची. माझी खालची कड तिच्या डाव्या कमरेच्या हाडावर नेमकी टेकली. ती वाकली तेव्हा मी तिला टोचले. मुद्दाम टोचले असेही म्हणा, मला तेवढेच करता येते.

"कुठे टोचतंय का गं?" त्याने विचारले.

तिने बापाच्या तोंडाकडे पाहिले. कंबर जरा आत ओढली. "नाही हो. मस्त बसलंय."

"नक्की?"

"बाबा, पाठीवर काही आहे असंसुद्धा वाटत नाही."

तो हसला. मित्रांनो, मला चांगले ठाऊक आहे, ती खरे बोलली असती तर माझी जागा अडगळीत होती. तिच्यासाठी आखूड पाटी आणली असती आणि माझ्यावर पुन्हा कुणी चहाचे कप मांडले असते. तरीही ती बोलावी, असे मला वाटत होते. अजून वाटते आहे.

आज पाचवा दिवस. काल होडीत चढताना तिने डावा पाय झटकला. काका म्हणाले, "काय झालं पोरी?" ती म्हणाली, "काही नाही, मुंग्या आल्या." आज तिने तोच पाय दोनदा झटकला, आणि शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तो नीट पडला नाही.

वस्तूंची निगा राखा, खारट पाण्यातून आल्यावर आम्हाला गोड्या पाण्याने धुवा, असे काहीबाही मी तुम्हाला सांगणार होते. ते राहू द्या, हे घर मला रोज धुते. माझी विनंती निराळी आहे. तुमच्यापैकी कुणी धक्क्याकडे येणार असाल तर पत्र्याच्या शेडपाशी थांबा. तिला विचारा, "ताई, डाव्या कमरेला टोचतंय का?" ती नाही म्हणेल. तुम्ही पुन्हा विचारा, आणि बाप ऐकेल इतक्या मोठ्याने विचारा.

होडी सकाळी सात वाजता निघते. त्याच्या आधी या.