एक वेढा जास्त

मित्रांनो, मी इस्पितळात छताला टांगायचा एक जुना पट्टा आहे. जाड कापडाचा, मांड्यांतून घेऊन छातीभोवती आवळायचा. मणक्याला मार बसून ज्यांच्या पायांतलं बळ गेलं, त्यांना चालायला शिकताना मी उचलून धरायचो. वरच्या रुळावरून माझी दोरी सरकायची आणि बाजूची दांडी फिरवली की मी वर जायचो. अंगाचं निम्मं ओझं मी घ्यायचं, निम्मं पायांनी, असा इथला रिवाज.

मला शिवणारीने दुहेरी टाके घातले होते, म्हणून पुष्कळ वर्षं टिकलो. कौतुक मात्र बेताचंच. माणसं बरी झाली की डॉक्टरांचे पाय धरतात. पट्ट्याला पाय आहेत कुठे!

एकदा एक रंगारी आला. परांचीवरून पडलेला, पण जीभ शाबूत. मला बघून म्हणाला, "काय खोगीर, घोडा पसंत आहे का?" सोबत त्याची थोरली बहीण असे. तिला तो ऊठसूट चिडवायचा. ध्यास मात्र एकच, पुन्हा स्वतःच्या पायांवर उभं राहायचं.

माझ्यात तो झपाझप चालू लागला. पण मला सोडवून नुसत्या कठड्याला धरून उभं केलं की गुडघे दुमडलेच. व्यायाम घेणाऱ्या बाई चक्रावल्या. शेवटी म्हणाल्या, "फरक पडत नाहीये. आता चाकाच्या खुर्चीचीच सवय करू या." रंगाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

मला कारण ठाऊक होतं, पण पट्ट्याला विचारतो कोण? बाईंची पाठ वळली की ताई हळूच दांडीला एक वेढा जास्त द्यायची. त्याचे तळवे जमिनीला नुसते घासायचे. चालत होतो, तो मी!

खुर्चीचं बोलल्या त्याच दिवशी, तो माझ्यात असतानाच, बाईंनी वाकून त्याच्या टाचेखाली बोटं घातली. ती अलगद आत गेली.

"दांडी कुणी फिरवली?"

ताईला रडू फुटलं. "एकदा पडलाय हो तो. पुन्हा पडला तर?"

"म्हणजे मी चाललोच नाही, ताई?" रंगारी म्हणाला. मग त्याने वाकून आपल्या तळव्यांकडे पाहिलं. "सोड आता. तूच सोड."

तिने दांडी उलटी फिरवली. ओझं माझ्यावरून त्याच्या पायांत उतरलं. गुडघे लटपटले, कपाळावर घाम आला. "आई गं! केवढा जड आहे मी!" तो ओरडला आणि हसायलाच लागला. गुडघे टिकले.

मित्रांनो, आता नवा पट्टा आलाय आणि मी खुंटीला लटकून असतो. त्याची तरी आबाळ करू नका. घामाने आंबला तर धुवा, सावलीत वाळवा, टाका उसवला तर वेळीच घाला. आणि त्यात माणूस बांधाल, तेव्हा त्याचं थोडं ओझं त्याच्याकडेच राहू द्या.

परवा रंगारी भेटायला आला, कुबड्या घेऊन, स्वतःच्या पायांनी. दारातच तो अडखळला. मागे ताई होती. तो सावरेपर्यंत तिने आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.