गळ्यातली माणिक

खुशालरावांनी घर हलवायचं ठरवलं आणि त्याच दमात सगळ्या सोयऱ्यांना घरोघरी जाऊन वास्तुशांतीचं आवतण द्यायचंही ठरवलं. दोन्ही एकाच उन्हाळ्यात! शहाण्या माणसानं यातलं एक काम दिवाळीनंतर ठेवलं असतं. पण त्या साली वऱ्हाडात शहाणी माणसं उरली होती कुठं? सातासमुद्रापलीकडं कोणाची तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि इकडं नांदगाव खंडेश्वरच्या काळ्या रानातल्या बोंडांना भलताच भाव चढला. माणसांच्या अंगावर धड बंडी नव्हती तिथं बैलांच्या गळ्यात चांदी आली. खुशालरावांनीही आपल्या जोडीला कातडी पट्टे करवून घेतले, त्यांवर चांदीची पिंपळपानं ठोकली, आणि अमरावतीला कापसाच्या बाजाराजवळ दुमजली घर बांधायला काढलं.

तेरा गाड्या सामान निघालं. काय कशात बांधलं याचा पत्ता कोणालाच नव्हता. खुशालरावांची थोरली विधवा बहीण गोदाबाई घरात सगळ्यांवर हुकूम चालवायची. तिनं सकाळी सांगितलं, की पापड पेटीत ठेवा. दुपारी विचारलं, “पापड पेटीत कोनं कोंबले वं?” पोळपाट एका गाडीत, लाटणं दुसऱ्या गाडीत. उखळ घेतलं आणि मुसळ जुन्या घराच्या दाराला टेकलेलं राहिलं. या सगळ्या गोंधळात मध्यभागी उभी होती मैनाबाई, वय असेल अठरा-एकोणीस, आणि तिच्या गळ्यात होती माणिक.

ही माणिक म्हणजे खुशालरावांची पहिली बायको. बाळंतपणात गेली, बाळही गेलं. वर्षानं मैना घरात आली तेव्हा रीतीप्रमाणं लग्नातच सवतीचा टाक तिच्या गळ्यात बांधला: बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती, काळ्या दोऱ्यात ओवलेला. कुंकू आधी टाकाला, मग आपल्याला. नवं लुगडं आधी टाकावर, मग अंगावर. पहिला घास टाकापुढं धरायचा, मग तोंडात घालायचा. मेलेल्या सवतीचा मान चुकला तर ती संसार सुखाचा होऊ देत नाही, हे सगळ्या मुलखाला ठाऊक. मैनानं दोन वर्षं हा मान जिवापाड सांभाळला होता. कधी कधी तिला वाटायचं, ही बाई आपल्याला ओळखते का? आपण तिला पाहिलं नाही, तिनं आपल्याला पाहिलं नाही, आणि चोवीस तास छातीशी छाती लावून राहतो आहोत.

सामानाच्या गाड्या गोदाबाईसोबत सरळ अमरावतीला गेल्या आणि खुशालराव-मैना छकड्यात बसून सोयऱ्यांकडं निघाले. हाकायला जुना गडी नत्थुजी. ऊन असं, की बैलाच्या पाठीवर हात ठेववत नव्हता. मैनाच्या गळ्याशी टाक चिकटून खाज सुटली. ती वैतागून पुटपुटली, “माणिकबाई, घडीभर उतर न वं आता. मले लय उकडून राहिलं.” बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

पहिला मुक्काम अकोल्याला, माणिकच्या माहेरी. टाक गळ्यात पडला की मेलेलीचं माहेर ते जिवंत असलेलीचं माहेर होतं, आणि मैनाला तर दुसरं माहेरच नव्हतं. तिची आई ती पाळण्यात असतानाच गेलेली. माणिकची आई पार्बताबाई दारातच पुढं आल्या. त्यांनी आधी टाक हातात घेऊन डोळ्यांना लावला, मग मैनाच्या गालावरून हात फिरवला. दोन दिवस त्यांनी तिला चुलीजवळ जाऊ दिलं नाही. डोक्याला तेल चोपडलं, ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, वेणी घातली. कधी “मैना” म्हणायच्या, कधी “माणिक”. मैना दोन्ही नावांना ओ देत होती. पुढं पुढं तिलाही कळेना, ही माया नेमकी कोणावर चालली आहे. पण आयती माया मिळत होती आणि ती नाही म्हणणार नव्हती.

तिथून निघाल्यावर चार दिवसांत पाच घरं झाली. बापरे, ती घरं! एकीकडं चुलतसासू, दुसरीकडं मामेसासू, तिसरीकडं कोण ते मैनाला शेवटपर्यंत समजलं नाही. जिकडं जावं तिकडं दहा-वीस बाया, लुगडी, ओट्या, पुरणाचा आग्रह. वाटेत आगगाडीसाठी मातीचा लांबच लांब बांध घालणं चाललं होतं, तो पाहायला खुशालराव छकडं थांबवायचे आणि मग जेवायला उशीर व्हायचा. घाईत टाकाला कुंकू लावायचं, घास दाखवायचं राहिलं, नुसता चोळीला हात लावून मैना जेवू लागली.

मूर्तिजापूरला पाचव्या घरी मात्र सवड होती. तिनं घास उचलला, दुसऱ्या हातानं दोरा वर ओढला आणि घास तसाच हातात राहिला. दोरा होता. गाठ होती. टाक नव्हता.

दोरा तुटला असता तर गोष्ट वेगळी. गाठ सुटली असती तरी समजलं असतं. पण दोरा शाबूत, गाठ घट्ट, आणि मधून माणिक गायब! मैनाला एकच उलगडा सुचला. आपण तिला उतर म्हणालो आणि ती उतरली. पण कुठं? बांधाजवळ? नदीवर? कोणत्या सासूच्या अंगणात? शेवटचा टाक डोळ्यांनी कधी पाहिला तेच तिला आठवेना, आणि तिला रडू फुटलं. बाया म्हणाल्या, पोरगी उन्हानं हैराण झाली. तिनं मान डोलावली.

अमरावतीला पोचली तर घराला अजून वरचा मजला अर्धाच, वास्तू होईतो बिऱ्हाड मागच्या पडवीत, आणि अंगणात तेरा गाड्यांचं सामान डोंगरासारखं रचलेलं. गोठ्यात गाद्या, धान्याच्या पोत्यांवर देव, तुळशीवृंदावनात चपला. मैनानं एकेक बोचकं सोडून पाहिलं. टाक या सामानात असण्याचं काही कारणच नव्हतं, तरी पाहिलं. मीठ सापडलं, माणिक सापडली नाही.

“काय शोधून राहिली वं सारखी?” गोदाबाईनं विचारलं.

“मुसळ,” मैना म्हणाली.

“मुसळ नांदगावले राह्यलं. बरं, आइक. वास्तूच्या दिवशी सगळ्या सोयऱ्या येतीन. माणिकच्या टाकाले आधी दुधानं आंघोळ घालू, सगळ्याईच्या म्होरं, अन् मंगच तू उंबरा ओलांडजो. नव्या घरात पयलं पाऊल तिचं. समजलं?”

मैनाला चांगलंच समजलं. वीस-पंचवीस बायांसमोर दोरा निघणार आणि त्यात काही नसणार. सवतीला फेकून दिली म्हणतील. नव्या घरात पाय ठेवायच्या आधीच आपण त्या घरातून उठणार, हे तिला स्वच्छ दिसलं. भीतीनं माणूस काय करील सांगता येत नाही. तिनं गोठ्यात जाऊन बैलाच्या पट्ट्याचं एक चांदीचं पान दगडानं उचकटलं आणि दोऱ्यात ओवून चोळीच्या आत सोडलं. चार दिवस ती बैलाच्या पानाला कुंकू लावत होती.

झालं, आणखी घोळ! पट्ट्यावरचं पान कमी दिसलं तशी खुशालरावांनी नत्थुजीला धरलं. वीस वर्षांचा जुना गडी, पण चांदीनं मालकाची नजरच बदलली होती. “तूच जोडी धुतं. पान का बैलानं खाल्लं?” नत्थुजी नुसता बैलाची पाठ चोळत राहिला. मैना गोठ्याच्या दाराआड उभी होती. तोंड उघडावं तर टाक गेल्याचं सांगावं लागतं, न उघडावं तर म्हातारा चोर ठरतो. ती पुढं झाली नाही. याची लाज तिला पुढं जन्मभर वाटली.

मुहूर्ताला आठ दिवस उरले तेव्हा अकोल्याहून निरोप आला, की पार्बताबाईंना यायला जमत नाही. खुशालराव उसळले. “जमत नाई म्हंजे? सासूशिवाय वास्तू होते काय? मीच जाऊन आनतो. मैना, तूबी चाल, तू म्हनशीन तं त्या नाई म्हननार नाई.” ज्या बाईनं टाक डोळ्यांना लावला होता, तिच्यासमोर बैलाचं पान घेऊन उभं राहायचं! छकड्यात तिनं ठरवलं, जाताच पाय धरायचे आणि सगळं सांगून टाकायचं. मूर्तिजापूर ओलांडेपर्यंत तिनं हे तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं.

भर दुपारी ते अकोल्याला पोचले. दार उघडंच होतं. पार्बताबाई परसात काहीतरी आणायला गेल्या असाव्यात. मैना हात-पाय धुऊन देवाला नमस्कार करायला आत वळली आणि तिथंच थबकली.

देवाच्या कोनाड्याशेजारी दुसरा लहान कोनाडा होता. त्यात हिरव्या खणाची घडी, खणावर टाक. टाकाला ताजं हळदकुंकू, मोगऱ्याची दोन फुलं, पुढं वाटीत आंब्याचा रस आणि बोटभर शेवया. मैनानं डोळे चोळले. तिची माणिक होती. डोक्यावरच्या पदराशी दबलेली खूण तिला पाठ होती.

“आली काय वं?” मागून पार्बताबाईंचा आवाज आला. तो आवाज चोरी सापडल्यासारखा होता.

मैना वळली. “माय, हे... ही इथं कशी आली?”

खुशालरावही आत आले होते. त्यांनी कोनाड्याकडं पाहिलं, मैनाच्या गळ्याकडं पाहिलं. “मंग तुह्या गळ्यात काय आहे?” त्यांना काही उमजेना.

पार्बताबाई खाली बसल्या. “तिले बोलू नका, जवाईबापू. मीच काढला. न्हातानी तिनं दोरा खुंटीले लटकवला होता. मी टाक काढून घेतला अन् मोकळा दोरा वेणी घालतानी तिच्या गळ्यात बांधला. महिनाभर ठेवून सूर्यभानच्या हातानं धाडनार होती. लेक घरी असतानी मी वास्तूले कशी येऊ? म्हनून नाई म्हनलं.”

सूर्यभान म्हणजे त्यांचा मुलगा.

“पाच वर्सं नांदली ती तुमच्या घरी,” पार्बताबाई म्हणाल्या, आणि आता आवाजात चोरी नव्हती, राग होता. “दर उन्हाळ्यात मी सांगावा धाडला, पोरगी धाडा. एका साली कापसाची पऱ्हाटी उपटाची होती. एका साली गोदाबाईले बरं नव्हतं. एका साली सरकी लावाले बाया भेटत नव्हत्या. पुढच्या उन्हाळ्यात धाडतो, असं म्हनले तुमी. दर साली रसाले आंबे ठेवत होती मी, दर साली सडत होते. मंग ती मेली. ह्या साली दारात आली तं मी म्हनलं, आता राहू द्या बाप्पा चार दिवस. कोनाचं काय बिघडते?”

खुशालरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. कापसाचा भाव विचारा, लगेच सांगतील असा माणूस. आता पागोट्याची किनारच चाचपत बसला.

मैनाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. माणिक रुसली नव्हती. माणिक हरवली नव्हती. माणिक माहेरी आली होती! पार्बताबाईंनी टाक उचलला. “घे. सोड दोरा, बांधून देतो. तुमचा मुहूर्त आहे.” मैनानं दोरा बाहेर ओढला आणि त्याच्या टोकाला पिंपळपान लोंबत आलं.

“अवं, हे काय?”

“बैलाचं हाये, माय,” मैना म्हणाली. “मीच उचकटलं. नत्थुजीनं नाई घेतलं.” हे शेवटचं ती नवऱ्याकडं पाहून, मोठ्यानं म्हणाली. बाहेर बैल सोडणाऱ्या नत्थुजीलाही ते ऐकू गेलं असावं, कारण घुंगरांचा आवाज थांबला.

“बैलाले कुंकू लावून राह्यली होती तू?” पार्बताबाई हसू लागल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मैनानं त्यांच्या हातातून टाक घेतला, दोऱ्यात ओवला नाही. पुन्हा खणाच्या घडीवर नेऊन ठेवला, फुलं सारखी केली. मग पदर खोचून नवऱ्यासमोर उभी राहिली. लग्न झाल्यापासून ती त्यांच्यासमोर अशी उभी राहिली नव्हती.

“महिना व्हाचा हाये अजून. तुमी जा. आमी दोघी मागून येऊ.”

“दोघी? कोन दोघी? अन् मुहूर्त?”

“मुहूर्त दुसरा काढा. तुमच्या बहिनीनंच सांगतलं, नव्या घरात पयलं पाऊल तिचं. ती माहेरी हाये, तं मी कशी येऊ?”

खुशालराव कितीतरी वेळ कोनाड्याकडं पाहत राहिले. मैनाला वाटलं, आता ओरडतील. ते उठले, बाहेर गेले, आणि पान हातात घेऊन नत्थुजीसमोर उभे राहिले. काय बोलले ते आत ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा पागोटं डोक्यावर नव्हतंच. ते ना सासूकडं पाहत होते ना मैनाकडं.

“माणिक,” ते कोनाड्यापुढं उभे राहून म्हणाले, “तुले घ्याले कधी येऊ?”

पार्बताबाईंनी तोंडाला पदर लावला. हाच प्रश्न ऐकायला त्या पाच उन्हाळे दारात वाट पाहत बसल्या होत्या. त्या मोठ्यानं रडू लागल्या, आणि मैनानं माठातलं पाणी आणून आधी त्यांना दिलं.