फीच्या रजिस्टरातले ठिपके

शाळेत तिला सगळे पावतीताई म्हणायचे. खरं नाव मस्टरवर होतं, आणि ते पगाराच्या दिवशीच काय ते उपयोगी पडायचं. एका खासगी शाळेच्या ऑफिसात, फीच्या खिडकीमागे, तिने बावीस वर्षं काढली होती. संगणक आला, पावत्या छापून यायला लागल्या, तरी तिने आपलं जाडजूड रजिस्टर सोडलं नाही. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही," असं मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, तिला चिडवायचे. ती हसून घ्यायची, कारण त्या रजिस्टरात काय आहे ते सरांना माहीत नव्हतं.

त्यात ठिपके होते. पेन्सिलीचे, मोहरीएवढे, काही मुलांच्या नावांच्या डाव्या बाजूला.

शाळेची एक जुनी पद्धत होती. दर महिन्याच्या दहा तारखेला फी न आलेल्या मुलांची यादी ऑफिसातून वर्गावर जायची. वर्गशिक्षक ती मोठ्याने वाचायचे आणि नाव आलं की मुलाने उभं राहायचं. बाकी काही शिक्षा नाही, नुसतं उभं राहायचं. पावतीताई लहानपणी दुसऱ्या एका शाळेत अशी चार वेळा उभी राहिली होती. पाचव्या महिन्यात वडिलांनीच तिला तिथून काढलं. आपलं नाव, मग बाक सरकल्याचा आवाज, मग चाळीस माना वळलेल्या, हे तिच्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

म्हणून या खिडकीत बसल्यावर पहिल्याच वर्षी तिने आपला कायदा केला. ज्यांची फी येते पण उशिरा येते, ज्यांच्या घरी कुणीतरी पोटाला चिमटा घेऊन ती जमवतं, त्यांच्या नावाला ठिपका द्यायचा आणि ते नाव यादीत घालायचं नाही. वीस-पंचवीस तारखेपर्यंत पैसे येतातच. मग कुणाला काय कळतंय? आईबापांनाही तिने कधी सांगितलं नाही. घरचं बरं चाललं की ठिपका खोडून टाकायचा. पेन्सिल त्यासाठीच होती.

त्या वर्षी चौतीस ठिपके होते. त्यातला एक चौथीतल्या खारूताईचा. ही खारूताई पेन्सिलींची मागची टोकं कुरतडायची आणि पुढची टोकं करायला रोज मधल्या सुट्टीत ऑफिसात यायची. तिथे टेबलाला स्क्रूने बसवलेलं, दांडा फिरवायचं शार्पनर होतं. "अगं, लिहितेस किती आणि खातेस किती!" असं पावतीताई म्हणायची, आणि खारूताई तोंडातला लाकडाचा कण पुसत दांडा फिरवत राहायची. तिची आई कपड्यांच्या एका दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांच्या विजारी आखूड करायची. बाप नव्हता. म्हणजे कुठेतरी होता, पण तो असून नसल्यासारखा.

तर त्या वर्षी सरकारने टूम काढली की खासगी शाळांच्या फीवर कर लावायचा आणि त्या पैशातून सरकारी शाळांना शिक्षक द्यायचे. पेपरात रोज तेच. पावतीताईच्या घरातही तेच, कारण तिची धाकटी बहीण दोन रस्ते पलीकडच्या सरकारी शाळेत शिकवत होती. दोघी एकत्र राहायच्या. धाकटीला तिनेच वाढवलेलं, त्यामुळे भांडणात कुणी मागे हटायचं नाही.

"ताई, माझ्याकडे तिसरी आणि चौथी एका खोलीत बसते," धाकटी चहाचा कप आपटत म्हणायची. "एकाच फळ्यावर डावीकडे वजाबाकी, उजवीकडे कविता. बावन्न मुलं आणि मी एकटी. ज्यांना परवडतं त्यांनी चार पैसे जास्त दिले तर कुठे बिघडलं?"

"परवडतं कुणाला गं? जे मोटारीतून येतात त्यांना कर लागलेला कळणारसुद्धा नाही. मरतील ती माझी उशिरा भरणारी. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"मग पाठव त्यांना माझ्याकडे. माझी शाळा काय उकिरडा आहे?"

यावर पावतीताई कप विसळायला उचलायची. उकिरडा नव्हता, हे तिला माहीत होतं. बावन्नात त्रेपन्नावी खारूताई कुठे बसणार, हेही माहीत होतं. धाकटीचं चुकत नव्हतं आणि आपलंही चुकत नाही, याचा तिला फार राग यायचा.

मग एके दिवशी मोठ्या सरांनी तिला बोलावलं. सरकारने शाळांची मतं मागवली होती. कर लागला तर प्रत्येक शाळेतून किती मुलं कमी होतील, ते लिहून द्यायचं होतं.

"अंदाजे आकडा हवाय, ताई," सर म्हणाले. "पालकांना फोन करून विचारा. दोन-तीन दिवस लागतील, पण करायला हवं."

इथे पावतीताईने गप्प बसून फोन उचलायला हवा होता. पण बावीस वर्षांत तिला पहिल्यांदाच सरांनी समोरच्या खुर्चीत बसवलं होतं, आणि वर स्वतः पाण्याचा ग्लास पुढे केला होता.

"फोन कशाला, सर? कुणाला झेपेल आणि कुणाला नाही, ते मी डोळे मिटून सांगते."

"खरंच?"

तिने रजिस्टर आणलं आणि ठिपके दाखवले. यादीतून नावं वगळते हे नाही सांगितलं. फक्त म्हणाली, ही ओढाताणीची घरं, माझी खूण आहे. सर पानं उलटत राहिले. "कमाल आहे तुमची! आम्ही नुसते नावाचे मुख्याध्यापक, शाळा तुम्हाला माहीत." त्यांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ती चढली. शिवाय मनात हेही होतं की हा आकडा पाहून सरकारला दया येईल, कर टळेल आणि आपली चौतीस पोरं वाचतील. ते खोटं नव्हतं. पण ते एकटं कारणही नव्हतं.

दुपारी तिने यादी टाइप केली. सरांनी मागितला होता आकडा. चौतीस असं कागदावर लिहिलं असतं तरी काम झालं असतं. पण अर्धवट कागद टेबलावरून पुढे पाठवायचा नाही ही तिच्या हाताची सवय. नावाशिवाय यादी म्हणजे तिला बटणाशिवाय सदरा वाटायचा. तिने नाव, इयत्ता, पालकाचा व्यवसाय आणि पत्ता असे चार रकाने केले, समास नीट आखला, खाली सही केली. खोडरबर ड्रॉवरमध्येच होता. त्याची तिला आठवणही झाली नाही.

तीन आठवड्यांनी ती यादी परत आली. सोबत संस्थेच्या कार्यकारी मंडळाचं पत्र होतं. कराची शक्यता लक्षात घेता पुढच्या सत्राची संपूर्ण फी, करासहित, महिन्याभरात आगाऊ भरावी, अन्यथा प्रवेश राखून ठेवता येणार नाही. चौतीस प्रती काढून यादीतल्या पत्त्यांवर पाठवाव्यात. बाकी सहाशे घरांना पत्र नव्हतं.

ती तशीच सरांच्या खोलीत गेली.

"सर, ही यादी सरकारला दाखवायची होती."

"हो, दाखवली ना." सरांनी मान वर केली नाही. "मंडळाचं म्हणणं असं की कर लागला की ही मुलं अर्ध्या वर्षात सोडून जाणार आणि जागा रिकाम्या पडणार. बाहेर लोक रांगेत उभे आहेत, ताई. त्यापेक्षा आत्ताच काय ते कळलेलं बरं."

"पण सोडून जातील, हा माझा नुसता अंदाज होता."

"तुमचा अंदाज कधी चुकत नाही," सर म्हणाले. "मीच सांगितलं त्यांना तसं."

पावतीताई जागेवर येऊन बसली. पाकिटांवर पत्ते तिनेच लिहिले, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. नाही म्हणता आलं असतं. पण निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि तिने त्या तीन वर्षांचा विचार केला. ही गोष्ट तिने नंतर कधी स्वतःपासून लपवली नाही.

चौतिसांतल्या पंधरा घरांनी कुठून कुठून पैसे उभे केले. एकोणीस मुलं गेली.

खारूताईची आई दाखला न्यायला आली ती दुकानातून तशीच, गळ्यात टेप लटकवून. पावतीताई दाखला भरू लागली. जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक चांगली. मग तो रकाना आला, शाळा सोडण्याचे कारण. तिथे काय लिहायचं ते ठरलेलं असतं. तिने लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून.

"ताई, एक बोलू का?" खिडकीतून आई म्हणाली.

"बोला ना."

"चार वर्षांत माझी फी कधी वीस तारखेच्या आत आली नाही. पण पोरीचं नाव वर्गात एकदाही वाचलं नाही. मला काय कळत नाही, ते कुणी केलं? मी काही बोलले नाही, म्हटलं, बोलून उगाच तुमच्या नोकरीवर यायचं. या वेळीही तुम्ही आमच्यासाठी भांडला असणार. नाही झालं, त्याला तुम्ही तरी काय करणार? पण तुमचे उपकार विसरणार नाही मी."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पावतीताईने शाईच्या पॅडचं झाकण काढलं, शिक्का मारला आणि दाखला खिडकीतून पुढे केला. मागे खारूताई शार्पनरचा दांडा फिरवत होती. पेन्सिल केव्हाच टोकदार झाली होती, तरी ती फिरवतच राहिली, आणि आईने हाक मारली तेव्हा तिच्या हातात बोटाच्या पेराएवढा तुकडा उरला होता.

पुढे चार महिन्यांनी सरकारने कराचा विचार गुंडाळून ठेवला. मोठ्या सरांनी ऑफिसात पेढे वाटावेत तसे पेपर वाटले. मंडळाने कराच्या तयारीसाठी म्हणून जी फी वाढवली होती ती काही उतरवली नाही. त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. विचारणारी घरं गेली होती. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ना, तसं त्या दिवशी पावतीताईने खोडरबर काढला आणि सगळे ठिपके खोडले.

घरी येऊन तिने धाकटीला सगळं सांगितलं. पाण्याच्या ग्लासापासून शिक्क्यापर्यंत. धाकटी भांडायला उठेल असं तिला वाटलं होतं. तिने भांडावं, अशी तिची इच्छा होती.

"अकरा आली माझ्याकडे," धाकटी म्हणाली. "बावन्नाची त्रेसष्ट झाली. शिक्षक एकही आला नाही." मग म्हणाली, "ती पेन्सिल खाणारी हुशार आहे गं. पण मागे बसते. पुढे जागाच नाही."

नवीन वर्ष सुरू झालं. नवी मुलं आली, त्यांतही उशिरा भरणारी होतीच. ती कुठल्या रांगेतून येतात कोण जाणे. पावतीताईने आता कानाला खडा लावला होता. कागदावर काही ठेवायचं नाही, सगळं डोक्यात. पहिल्या महिन्यात जमलं. दुसऱ्यातही जमलं. तिसऱ्या महिन्यात अकरा नावं लक्षात ठेवायची होती. तिने दहा तारखेला यादी केली, वर्गांवर पाठवली आणि चहा घ्यायला बसली.

कप ओठाला लागला आणि तिला अकरावं आठवलं. पहिलीतला मुलगा. वडील रखवालदार, पगार पंधरा तारखेला.

ती उठली, कप कलंडला. पहिलीचा वर्ग ऑफिसला लागूनच होता. दारापर्यंत पोचायच्या आत भिंतीपलीकडून वर्गशिक्षिकेचा आवाज आला, एक नाव, आणि मग बाक सरकला.