मागच्या सीटवरचा ओरोंझो

मार्झियाने गाडीचा आरसा जरा खाली वळवला, तेव्हा तिला मागच्या सीटवर नवरा दिसला, त्याच्या हातातलं बिस्कीट दिसलं आणि त्या बिस्किटाकडे टक लावून बसलेला अडीच वर्षांचा लेओने दिसला.

"कोण आहेस तू?" दोनातो हलक्या आवाजात विचारत होता. "सांग बरं. ओ-रों-झो."

"बिक्की," लेओने म्हणाला.

"आधी ओरोंझो. मग बिक्की."

"ओन्झो."

बिस्कीट मिळालं. निम्मं तोंडात गेलं, निम्मं सीटच्या फटीत. तिथे सकाळपासूनचा बराच ऐवज साठला होता.

उजाडायच्या आत त्यांनी उत्तरेतलं बेर्गामो सोडलं होतं. बोलोन्या यायच्या आत लेओने एकदा ओकला होता. रिमिनीच्या अलीकडे त्याने एक सँडल खिडकीबाहेर फेकली होती, आणि ती गेली कुठे म्हणून पुढे अंकोनापर्यंत भोकाड पसरलं होतं. त्याला गप्प करायला लावलेलं बेडकाचं गाणं अजून चालूच होतं. बंद केलं की भोकाडही पुन्हा चालू होई. एसी लावायचा नाही, कारण पोराची मान घामाने ओली आणि ओल्या मानेला गार वारा लागला की संपलंच, असं दोनातोच्या आईचं म्हणणं. ती बिचारी जाऊन सहा वर्षं झाली, पण तिचा वारा अजून गाडीत होता. ऑगस्ट संपत आलेला, काचा बोटभरच उघड्या, आणि मार्झियाच्या पाठीला सीट चिकटलेली. दोनातोला गाडी चालवताना झोप येते, म्हणून चालवायचीही हिनेच.

तरी त्या शिकवणीचा तिला राग आला नाही. उद्या दक्षिणेत सासऱ्यांच्या गावी संत ओरोंझोचा उत्सव. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक ओरोंझोला वाढदिवसाहून जास्त मान, आणि सासऱ्यांचं नावच ओरोंझो. पोरगा पहिल्यांदाच आजोबांना भेटणार, तर बाप त्याला आजोबांचं नाव शिकवतोय, असं तिला वाटलं. बरंच वाटलं.

पेस्कारा मागे पडलं आणि पुढच्या सगळ्या गाड्यांचे लाल दिवे लागले. रस्त्याचं काम. वर्षभर ज्यांना फावडं सापडत नाही, त्यांना ते नेमकं ऑगस्टमध्ये सापडतं. मार्झियाने इंजिन बंद केलं, आणि तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला.

"कुठवर आलात रे?" दोरा आत्या. दोनातोच्या वडिलांची बहीण, त्यांच्या शेजारीच राहणारी. आत्याचा फोनवर विश्वास नव्हता. आवाज आपल्यालाच पोचवावा लागतो अशा बेताने ती बोले. "दादा सकाळपासून दाढी करून बसलाय. आणि आमचा ओरोंझीनो काय करतोय? झोपलाय का?"

"आत्या, मी नंतर करतो फोन," दोनातो घाईने म्हणाला.

"नंतर कशाला? ऐक, बँडवाल्यांना सांगून झालंय. उद्या मिरवणुकीत दोन्ही ओरोंझो पहिल्या रांगेत, आजा आणि नातू! चौकातले सगळे वाट बघतायत. त्याचा पांढरा शर्ट आणलाय ना?"

"आणलाय, आणलाय."

फोन बंद झाला. गाडीत बेडूक तेवढा गात होता.

"दोनातो," मार्झिया म्हणाली. "ओरोंझीनो कोण?"

"अगं, गावाकडची माणसं. लाडाने काहीही म्हणतात."

"बाबांना तू नाव सांगितलं होतंस ना?"

"सांगणार होतो."

"तू मला म्हणालास, बाबा म्हणाले, मूल धडधाकट असू दे, नाव तुम्हाला आवडेल ते ठेवा."

"तसं ते म्हणालेच असते," दोनातो म्हणाला. "विचारलं असतं तर."

मार्झियाने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. तो फटीतली बिस्किटं गोळा करायला लागला.

दोनातोच्या घरात एक पिढी ओरोंझो, पुढची दोनातो, मग परत ओरोंझो. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव, यात विचारण्यासारखं काही कुणाला कधी वाटलंच नव्हतं. मार्झियाला वाटलं. बेर्गामोच्या बालवाडीत ओरोंझो नावाचं पोर आठवडाभरही टिकणार नाही, असं ती सातव्या महिन्यात स्पष्ट म्हणाली होती, आणि उत्तरेत शिकायला आल्यावर आपल्या दक्षिणी बोलण्यावरून हसं झालेल्या दोनातोने मान हलवली होती. लेओने हे नाव दोघांनी मिळून ठरवलं. मग दवाखान्याच्या व्हरांड्यातून त्याने गावी फोन लावला. म्हाताऱ्याने अभिनंदन वगैरे काही न करता एकच विचारलं, "ओरोंझो आला?" आणि दोनातोच्या तोंडून निघून गेलं, "आला, बाबा."

एवढंच झालं होतं. हे सगळं त्याने तिला आता सांगितलं, तुकड्यातुकड्यांत, मधूनमधून पोराचं नाक पुसत. मागच्या उन्हाळ्यात पोराचा कान दुखत होता, त्याआधीच्या उन्हाळ्यात ते फार लहान होतं. प्रवास नको म्हणून दोन्ही वेळा दोनातोच कसा हटून बसला होता, ते मार्झियाला आता आठवलं. दर रविवारी तो बाल्कनीत जाऊन, दार लावून बापाशी बोलायचा. दोघा पुरुषांचं काही मोकळेपणाने चालत असेल, म्हणून तिने कधी कान दिला नव्हता.

लबाडीपेक्षा तिला दुसऱ्याच गोष्टीचं जास्त लागलं. नाव तुम्हाला आवडेल ते ठेवा, हे सासऱ्यांचं वाक्य तिने अडीच वर्षं जपलं होतं. दक्षिणेकडच्यांना नावं ठेवणाऱ्या स्वतःच्या आईला तिने ते दोनदा ऐकवलं होतं. त्या एका वाक्यापायी तिने, जिला साधा मफलर धड विणता येत नाही, म्हाताऱ्याला अख्खा स्वेटर विणून पाठवला होता. आणि ते वाक्य म्हातारा कधी बोललाच नव्हता!

"आज पोचलो की सांगायचं," ती म्हणाली. "उद्या गावासमोर तमाशा नको. तू सांग, नाहीतर मी सांगते."

"फक्त उद्याचा दिवस निघू दे, मार्झिया."

"फक्त उद्याचा?"

"म्हणजे... दर उन्हाळ्यात चारआठ दिवस."

"आणि शाळेत जाईल तेव्हा? दाखल्यावर काय लिहायचं?"

"तोपर्यंत बाबा काही..." दोनातो बोलता बोलता थांबला. आपण काय बोलायला निघालो होतो ते त्याचं त्यालाच कळलं असावं. तो खिडकीबाहेर बघायला लागला. शेजारच्या गाडीतला एक माणूस पाय बाहेर काढून कलिंगड खात होता.

"ओन्झो," लेओने म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. कुणी बिस्कीट देईना, तेव्हा त्याने पुन्हा भोकाड पसरलं.

गावात शिरेपर्यंत संध्याकाळ झाली. दोनातोने वाटेत चारदा पाणी प्यायला गाडी थांबवायला लावली होती, आणि शेवटच्या वेळी तर बाटली भरलेलीच होती. म्हातारा दारासमोर खुर्ची टाकून बसला होता. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि इतक्या उकाड्यात खांद्यावर मार्झियाने विणलेला तो स्वेटर. एक बाही दुसरीपेक्षा लांब होती, हे तिला आज पहिल्यांदाच दिसलं.

"ये रे, पोरा," तो लेओनेला म्हणाला. त्याने हात पुढे केले नाहीत. नुसतं एक बोट धरायला दिलं. लेओनेने ते धरलं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या शर्टाचं बटण ओढून पाहिलं.

"मी गाडी जरा सावलीत लावतो," दोनातो म्हणाला. सूर्य मावळलेला होता. तो गेला तो गेलाच.

अंगणात अंजिराचं झाड, त्याखाली टेबल. दोरा आत्या चर्चमध्ये फुलं लावायला गेली होती. लेओनेने पहिल्या पाच मिनिटांत कोंबडीच्या मागे पळून ओंजळभर माती उडवली, मांजराचं ताट उपडं केलं आणि एक खडा तोंडात घातला. प्रत्येक वेळी मार्झियाच्या ओठावर नाव यायचं आणि तिथेच अडायचं. "ए! ए, तू! अरे!" याच्यापुढे तिची गाडी जाईना. नाव न घेता मुलाला ओरडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिने खडा काढून फेकला, हात पुसले आणि म्हाताऱ्यासमोर बसली.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचंय."

म्हातारा अंजीर सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"कुत्र्याबद्दल का?" तो म्हणाला.

"कुठला कुत्रा?"

"तुमचा. लेओने." त्याने सोललेला अंजीर तिच्यासमोर ठेवला. "दोनातो दोराच्या मोबाइलवर पोराच्या फिल्म पाठवतो ना, त्यात मागून तुझा आवाज येतो. लेओने, टेबलावरून उतर. लेओने, ते तोंडातून काढ. मी दोराला म्हटलं, बरं झालं, यांनी कुत्रा पाळला, पोराला सोबत. पण फार द्वाड दिसतोय, दिवसभर शिव्या खातो."

मार्झियाने समोरचा अंजीर बाजूला सरकवला.

"पुष्कळ दिवस मी वाट बघितली, एकदा तरी तो कुत्रा दिसेल म्हणून. मग नाताळच्या सुमाराची एक फिल्म आली. तू आतून ओरडलीस, लेओने, दूध संपव. आणि माझ्या नातवाने पेला उचलला."

"बाबा, मला खरंच माहीत नव्हतं. आज रस्त्यात कळलं. मला वाटायचं, तुम्हीच म्हणालात..."

"काय म्हणालो?"

तिने ते वाक्य सांगितलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "त्या वेळी मात्र मी तसं म्हणालो नसतो. आठ दिवस जेवलोही नसतो." त्याने सुरी पुसून बाजूला ठेवली. "आत्ता म्हणेन."

मार्झियाच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभराचा घाम, बेडूक, बिस्किटं, सगळं त्यात होतं.

"दोनातो येऊ दे," ती म्हणाली. "त्याला सांगते. जीव टांगणीला लागलाय त्याचा."

"नको," म्हातारा पटकन म्हणाला. इतका वेळ शांत बोलणाऱ्या माणसाने एकदम तिच्या मनगटावर हात ठेवला. "त्याला नको सांगू."

"का?"

"त्याची आई गेल्यावर तो मला नाताळला आणि ईस्टरला फोन करायचा. बरे आहात ना, बरा आहे, ठेवतो. पोरगा झाल्यापासून त्याने एक रविवार चुकवला नाही. तापात असला तरी करतो. ओरोंझोला दात आला, ओरोंझो जिना चढला. अर्धा तास बोलतो. घाबरलेला असतो ना, बापाला कळेल म्हणून. मग बोलतच सुटतो." म्हाताऱ्याने हात काढून घेतला. "त्याची भीती गेली, की पुन्हा नाताळ आणि ईस्टर."

"असं नाही होणार, बाबा."

"नसेलही होणार," तो म्हणाला. "पण मला बघायचं नाही."

अंजिराखाली लेओने उकिडवा बसून माती उकरत होता. दूर चौकात बँडवाले एकच सूर पुन्हा पुन्हा जुळवत होते.

"उद्या चौकात तासभर तो ओरोंझो असू दे," म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला. "तुझी हरकत नसेल तर. माझी तिथे सगळ्यांना सांगून पंचाईत झालीय. बाकी घरात तो लेओने. दोनातो नसताना."

म्हणजे आता इथे असेपर्यंत हिने नवऱ्यासमोर पोराला ओरोंझो म्हणायचं, नवऱ्याची पाठ वळली की लेओने, आणि परतीच्या वाटेवर तासन्‌तास त्याच्या तोंडून ऐकायचं, की बघ, कसं निभावून नेलं. तिला हसावं की कपाळावर हात मारावा ते समजेना. या घरातले पुरुष एकमेकांशी सरळ चार शब्द बोलतील तर त्यांचं काय बिघडेल!

फाटक वाजलं. दोनातो आत आला, पण फाटकाशीच उभा राहिला. हातात बिस्किटांचा पुडा, चेहऱ्यावरचा रंग उडालेला. त्याने बापाकडे पाहायचं टाळलं आणि नजरेनेच तिला विचारलं, सांगितलंस?

म्हातारा अंजिरांच्या ताटाकडे बघत बसला होता. त्याने एक अंजीर उचलला, पण खाल्ला नाही.

मार्झियाने नवऱ्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं. मग तिला झाडाखाली दुसरा खडा तोंडाकडे निघालेला दिसला. ती उठली, कमरेवर हात ठेवले आणि दिवसभर घशात अडकलेला सगळा आवाज लावून ओरडली:

"ओरोंझो! ते तोंडात घालू नकोस!"

पोराने ढुंकूनही पाहिलं नाही. म्हाताऱ्याने मात्र तोंडाशी नेलेला अंजीर निमूटपणे ताटात परत ठेवला.