उसवायला सोपे टाके

शर्टांच्या कारखान्यात अगदी शेवटच्या टेबलावर बसून ती गेली अकरा वर्षं दुसऱ्यांच्या शिवणातल्या चुका काढत होती. कॉलर केसभर झुकलेली असो की बगलेतला एखादा टाका सुटलेला असो, तिच्या नजरेतून काही निसटायचं नाही. चूक दिसली की तिथे लाल बाणाची चिकटपट्टी लावायची आणि शर्ट आला तिकडे परत पाठवायचा, हे तिचं काम. कारखान्यातल्या बायका पाठीमागे तिला भिंगबाई म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती, तिच्या स्वतःच्याही नाही. या अकरा वर्षांत तिने साधं एक बटणसुद्धा लावलं नव्हतं. घरात कुणाचं बटण तुटलं तर नवरा लावायचा. तो औषधांच्या दुकानात काम करायचा, बारीकसारीक गोळ्या मोजून मोजून त्याचा हात हलका झाला होता.

त्यांना साडेआठ वर्षांची एकुलती एक मुलगी. पुढचे दोन दात मोठे आणि दिसेल ती वस्तू खिशात कोंबायची सवय, म्हणून बापाने तिचं नाव खारू ठेवलेलं. एका सुट्टीच्या दिवशी खारूने बाहुलीला झगा हवा म्हणून बाहेरच्या खोलीचा पडदा बरोब्बर मधोमध कापला. भिंगबाईने कापलेली कड हातात घेऊन पाहिली. रागवायचं होतं, पण तोंडून निघालं ते असं, "कड वाकडी आहे."

"मग तिला शिवणाच्या वर्गाला घाल," नवरा म्हणाला. "निदान पडदे तरी सरळ कापेल."

वर्ग सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. चालवणारी शिवणबाई साठीची, उंच, कमी बोलणारी. इस्पितळाच्या शिवणखोलीत तिने तीस वर्षं चादरी आणि शस्त्रक्रियेचे झगे शिवले होते. प्रवेश देण्याआधी ती सगळ्या पालकांना एकदा बोलवायची आणि मुलांच्या छोट्या स्टुलांवर बसवायची. गुडघे हनुवटीला लागलेल्या अवस्थेत कुणी फार वाद घालत नाही, हा तिचा अनुभव.

"केस बांधून पाठवा, लोंबत्या बाह्या नकोत," तिने हातातल्या कागदावरून वाचायला सुरुवात केली. "मशीनवर लगेच कापड देणार नाही. पहिले तीन आठवडे मुलं कागदावर रेघा शिवतील, सुईत दोरा न ओवता. सुया मी मोजून देते आणि मोजून घेते. एक जरी कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही, तुम्ही खाली कितीही ताटकळलात तरी. बोटाला सुई टोचेल. टोचणारच. मूल रडलं नाही तर तुम्हीही रडू नका."

भिंगबाईने हात वर केला. "सुई तुटली तर तिचे तुकडे कुठे जातात?"

शिवणबाईने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि कपाटातून एक वही काढून पुढे केली. पानापानावर तुटलेल्या सुयांचे तुकडे पारदर्शक पट्टीने चिकटवलेले, खाली तारीख, मुलाचं नाव. असली वही कारखान्यातही होती. भिंगबाईला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्या आनंदात ती पानं उलटत राहिली आणि कागदावरचं शेवटचं कलम तिने अर्ध्याच कानाने ऐकलं.

"आणि शेवटचं. घरी जे येईल ते वाकडं असेल. ते वाकडंच राहू द्या. मुलाच्या कामाला हात लावायचा नाही."

भिंगबाईने मान हलवली. एवढं साधं कुणाला सांगावं लागतं का, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

तीन आठवडे खारू भोकं पडलेले कागद घरी आणत राहिली. चौथ्या आठवड्यात नाडीची पिशवी आली. एक बाजू वर्गात शिवलेली, दुसरी घरी शिवून न्यायची होती. खारूने जीभ बाहेर काढून, पलंगावर पालथी पडून दोन दिवसांत ती शिवली आणि शेवटी लाल दोऱ्याची एक भलीमोठी गाठ मारली. टाके डावीकडे जात होते, मग काहीतरी विसरल्यासारखे उजवीकडे येत होते. भिंगबाईने पिशवी बघितली, "छान" म्हणाली आणि ठेवून दिली.

पण पिशवी कपाटावर होती आणि भिंगबाई त्याच खोलीत राहत होती. येताजाता नजर तिकडेच. आठवड्याच्या सुट्टीच्या दुपारी खारू शेजारी खेळायला गेली आणि भिंगबाईने छोटी कात्री घेऊन टाके उसवायला घेतले. टाके बारीक होते, निघता निघेनात. ती वैतागून स्वतःशीच पुटपुटत राहिली. उसवून झालं तेव्हा मात्र खरी अडचण समोर आली. आता हे शिवायचं कुणी? तिने सुईत दोरा ओवला, चार टाके घातले आणि त्यांच्याकडे कामावरच्या नजरेने पाहिलं. खारूचे बरे होते.

दुसऱ्या दिवशी पिशवी तिच्यासोबत कारखान्यात गेली. शर्टांना काज करणारी काजवाली जेवणाच्या सुट्टीत मोकळी होती.

"कुणाचं काम आहे हे?" काजवालीने विचारलं.

"शेजारच्या मुलीचं," भिंगबाई म्हणाली.

काजवालीने कडा बंद करणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर पिशवी फिरवली, नाडीची घडी दुमडून पक्की केली, इस्त्री मारली. चार मिनिटं लागली.

खारूने पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. "माझी लाल गाठ कुठे गेली?"

"आत गेली असेल," भिंगबाई म्हणाली.

खारूने आत बोट घालून पाहिलं. मग पिशवी दप्तरात टाकली.

शिवणबाईने पिशवी हातात घेतली, उलटी करून शिलाई बघितली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. मुलांना न्यायला आलेले पालक त्या खिळ्यासमोर थबकले. विशेषतः जुळ्या मुलांचा बाप, जो दंतवैद्य होता, तो पिशवी फार वेळ बघत राहिला. पुढच्या आठवड्यात जुळ्यांच्या पिशव्या आल्या त्या अशा टाक्यांनी शिवलेल्या, की हिरडीवर घातले असते तर आठ दिवसांत आपोआप विरघळले असते. त्याच्या पुढच्या आठवड्यात कुणाच्या आजीने टाचण्या खोचायच्या छोट्या गादीवर वेलबुट्टी काढून पाठवली, आणि अजून सुईत दोरा ओवता न येणाऱ्या एका मुलाने अस्तर लावलेलं चष्म्याचं घर आणलं. शिवणबाई एकेक वस्तू उलटून बघायची आणि खिळा ठोकायची.

पालक आता दहा मिनिटं आधीच जिना चढून वर यायला लागले. एकमेकांच्या मुलांचं तोंडभरून कौतुक करायचे आणि शिलाईकडे टक लावून पाहायचे. वर्गात मुलांचा वेळ मात्र मजेत चालला होता. हातातलं काम कसंतरी गुंडाळून दप्तरात गेलं की ती खिडकीतून खाली सायकलींच्या चाकांत हवा भरताना बघत बसायची.

"शेजारची मुलगी फार शिवते हो," तिसऱ्या वेळी काम हातात घेताना काजवाली म्हणाली.

मग एप्रनची पाळी आली. खारूने ठरवलं होतं की हा बाबांसाठी. दुकानात घालायला, खिशासकट. भिंगबाईने सुट्टीच्या दुपारी दप्तरातून एप्रन काढला आणि बघतच राहिली. टाके अंगठ्याएवढे. दोन टाक्यांमधून बोट आरपार जात होतं. नजर वर केली तर खारू दारातच उभी.

"हे काय गं? पहिल्या पिशवीला किती बारीक टाके होते! उलटी शिकायला लागलीस का?"

"मुद्दाम," खारू म्हणाली. "टाके मोठे घातलेत, तुला उसवायला सोपं. तेव्हा ते बारीक टाके निघत नव्हते म्हणून तू किती चिडली होतीस. मी बघितलं होतं दारातून."

आवाजात ना राग, ना रुसवा. कारखान्यात एका टेबलावरची बाई पुढच्या टेबलावर माल सरकवताना बोलते, तसं. जाता जाता तिने वळून एवढं सांगितलं, "आणि कारखान्यातल्या मावशींना सांग, पट्टे जरा लांब ठेवा. बाबांचं पोट मोठं आहे."

भिंगबाईने एप्रन परत दप्तरात ठेवला. पोरीला सगळं ठाऊक होतं, आणि तिने ते मुकाट्याने पदरात घेऊन आईची सोय बघितली होती. रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो घास थांबवून म्हणाला, "म्हणजे तुम्ही कामं वाटून घेतलीत. ती बिघडवते, तू उसवतेस, काजवाली शिवते. खारू शिकतेय काय, तेवढं विचार बाईंना."

शनिवारी वर्ग भरण्याआधी भिंगबाई एकटीच जिना चढली. शिवणबाई मशीनला तेल घालत होती.

"मला जरा बोलायचं होतं. त्या पिशवीबद्दल."

"पाच दोऱ्यांचं ओव्हरलॉक," शिवणबाई मान वर न करता म्हणाली. "माझ्याकडे ते मशीन नाही. या गल्लीत कुणाकडेच नाही."

भिंगबाईचा चेहरा उतरला. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले होते. पहिल्या दिवशी. तुम्ही मान हलवलीत."

"पण तुम्ही ती भिंतीवर लावलीत!"

"काम चांगलं होतं. आता कुणाचं, ते मी लिहिलं नव्हतं." शिवणबाईने तेलाचा थेंब फडक्याने टिपला. "मला वाटलं, भिंतीवर बघून एखादं माणूस तरी लाजेल. तर पुढच्या आठवड्यात दंतवैद्य आले."

भिंगबाईला हसू आलं, पण हसायची ही वेळ नव्हे म्हणून तिने ते गिळलं. शिवणबाई मात्र गंभीरच होती.

"आजपासून काही घरी जाणार नाही. सगळं इथेच. मुलांना पुन्हा कागदापासून बसवणार, दोन महिने फुकट गेले. आणि तुमचे हात फारच शिवशिवत असतील तर शनिवारी इथे येऊन बसा. स्टूल आहे."

असं कुणी तोंडावर म्हटल्यावर माणूस एक तर पाय आपटत जिना उतरतं, नाही तर स्टुलावर बसतं. भिंगबाई स्टुलावर बसली. तिला वाटलं होतं की अकरा वर्षं शिलाई बघितल्यावर कागदावर रेघ शिवणं म्हणजे काहीच नाही. पण पाऊल खाली दाबलं तसं मशीन तिला न विचारताच धावत सुटलं आणि रेघ कागदाबाहेर गेली.

"काकू, हळू चालवा," जुळ्यांपैकी एक म्हणाला. "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं."

मुलांना कागदावर तीन आठवडे, तिला चार. "मोठ्यांना एक जास्त लागतो," शिवणबाईने सांगितलं. "त्यांना वाटत असतं की आपल्याला येतं." दुसऱ्याच शनिवारी भिंगबाईच्या बोटात सुई गेली. ती रडली नाही. सुई तुटली होती, म्हणून तिचे दोन्ही तुकडे शोधायला सगळा वर्ग टेबलाखाली शिरला, आणि वहीत चिमुरड्यांच्या नावांखाली तिचं नाव लागलं. त्या सोमवारी कारखान्यात तिच्यासमोर एक शर्ट आला, कॉलर केसभर झुकलेली. तिने तो नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरला. तिथे हात कसा वळला असेल, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. बाण मात्र लावलाच. चूक ती चूक.

खारूने एप्रनचे अंगठ्याएवढे टाके स्वतःच उसवले. पाच मिनिटांत निघाले, त्याबद्दल तिने स्वतःचं कौतुकही करून घेतलं. मग सगळा एप्रन तिने वर्गातच शिवला, सहा शनिवार लावून. शेजारच्या स्टुलावर भिंगबाई आपल्या पहिल्या पिशवीशी झगडत होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. खिसा चुकीच्या जागी लागतोय हे तिला तो शिवला जाण्याआधीच दिसलं होतं. तिने एकदा तोंड उघडलं. शिवणबाईने नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने तोंड मिटलं आणि आपल्या पिशवीची नाडी ओवायला घेतली.

"खारू, ही नाडी आत कशी जाते गं?" तिने जरा वेळाने विचारलं.

"मला माझं काम आहे ना, आई," खारू म्हणाली, मान वर न करता.

एप्रन घरी गेला त्या संध्याकाळी बापाने तो लगेच घातला. पट्टे पोटावरून पुरून उरले. खिसा मात्र डाव्या काखेत बसला होता, आणि त्यात हात घालायचा तर कोपर कानाशी न्यावं लागत होतं. बापाने एकदा प्रयत्न करून पाहिला, मग पेन उजव्या हाताने वरून त्यात सोडलं आणि आरशात बघितलं.

"इथून कुणी चोरायचं नाही," तो म्हणाला. "उद्या दुकानात हाच घालणार."

खारू आईकडे बघत होती. भिंगबाईची नजर काखेतून खांद्यावर गेली, खांद्यावरून कडेला उतरली, जिथे शिलाई तीन ठिकाणी भरकटून परत वाटेवर आली होती. टाके लहान होते. पक्के होते. तिने हात मागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

"छान," ती म्हणाली.

"कुठे छान?" खारूने विचारलं.

भिंगबाईने वाकून एप्रनची खालची कड हातात घेतली आणि बोट ठेवून दाखवलं. "इथे. आणि इथे. आणि इथून पुढे थोडं."