आधी पाटी कोरी कर

उपकरणाला पहिला हुकूम कोणता द्यायचा, हे मला ताईनं शिकवलं. "आधी जुनी नोंद पूस. पाटी कोरी झाली की मग कामाला लाग." ताई म्हणजे सख्खी नव्हे, प्रयोगशाळेतली. बाळ झालं तेव्हा नवऱ्याच्याही आधी दवाखान्यात पोचली होती ती.

साहेबांनी मला तीन महिने घरून काम करायची मुभा दिली. ताई सकाळी नमुना उपकरणात बसवायची. दुपारी बाळ झोपलं की मी लॅपटॉपवरून हुकूम सोडायचे: नोंद पूस, प्रत्येक आकडा शंभर मोजमापांची सरासरी काढून दे, सुरू कर. चाळीस मिनिटांत चाळीस आकडे. तेवढ्यात लंगोट वाळत घालून व्हायचे.

पण दोन आठवडे आकडे नुसते नाचत होते. साहेब म्हणाले, "घरून जमत नाहीये तुम्हाला. शुक्रवारी ठरवू." म्हणजे बाळाला पाळणाघरात टाका, नाहीतर नोकरी सोडा. आठ महिन्यांचं माझं पिल्लू, अजून बाटलीला तोंड लावत नाही.

ताई फोनवर म्हणाली, "झोप नाही गं तुझी पुरेशी. चुकतं माणूस." मला पटलंही.

गुरुवारी पिल्लू झोपेनाच. मांडीवर बसून कीबोर्डवर धपाधप हात मारत होतं. त्याचे हात धरता धरता मी पुसायचं विसरले आणि भलताच हुकूम गेला की काय हे बघायला, एरवी कधी मागवत नाही ती हुकुमांची नोंद मागवली. समोर बुधवारची अख्खी दुपार आली.

*१.१० नेटवरून: सरासरी शंभर. सुरू.*
*१.१७ पॅनेलवरून: सरासरी एक.*
*१.४८ पॅनेलवरून: सरासरी शंभर.*

सरासरी एकाच मोजमापाची केली की आकडे नाचणारच. आणि पॅनेल म्हणजे उपकरणाच्या तोंडावरची बटणं. त्या खोलीत दुपारी ताईशिवाय कोणी नसतं. आणि आदल्या दिवसाचा हा पुरावा रोज दुपारी मीच पुसत होते, तिनं शिकवलं तस्सा, इमानेइतबारे.

पिल्लानं माझी बट ओढली, ते मला कळलंही नाही.

मग मी एक नवा हुकूम सोडला: पॅनेलची बटणं बंद. आणि मोजमाप सुरू केलं.

बरोबर आठव्या मिनिटाला फोन आला.

"अगं, मशीन अडकलंय वाटतं. बटणं लागत नाहीयेत."

"कोणतं दाबत होतीस, ताई?"

"घरून सगळं जमायला लागलं तर मला कशाला ठेवतील?" ती म्हणाली. "नमुना काय, शिपाईही बसवेल."

"मला बोलायचंस ना! दोघी मिळून साहेबांकडे गेलो असतो."

"तू तरुण आहेस गं. तुला दुसरी नोकरी मिळेल."

"झोप नाही म्हणालीस मला. मी खरंच स्वतःला दोष देत राहिले, ताई."

"साहेबांना सांगणार आहेस?"

पडद्यावर आजचे ठिपके एका ओळीत शहाण्यासारखे बसत होते. मांडीवर पिल्लू पाय झाडत होतं. पायांत ताईनंच विणलेले मोजे, एक निम्मा निघालेला. मी तो नीट चढवला.

"नोंद पाठवतेय," मी म्हणाले, "न पुसता." आणि पाठवली.